चोपन्न व्होल्टांचा हिशेब

सगळी गल्ली त्याला मीटरमामा म्हणायची, कारण मीटर टोचल्याशिवाय त्याचा शेजाऱ्याच्या बल्बवरही विश्वास बसत नसे. दुरुस्तीच्या दुकानात तीस वर्षं लोकांनी जाळून आणलेल्या वस्तू उघडून उघडून त्याला माणसांचीच शिसारी आली होती. वाचायचं नाही, मोजायचं नाही, पिन आत गेली की झालं! शी!

बहिणीचा फोन आला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या सासूबाईंना श्वासासाठी ऑक्सिजनचं मशीन लागायचं आणि रोज एक ते चार वीज जायची. म्हणून तिच्या नवऱ्याने बॅटरीची मोठी पेटी आणून गच्चीवर सोलरची तीन पॅनेलं लावली होती. ती पेटी पहिल्याच सकाळी गप्प झाली. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर एकच, तोही अर्धा.

मामा दोन गल्ल्या ओलांडून पोचला. पेटी उघडताच जळकट भपकारा नाकात गेला. गच्चीवर तिन्ही पॅनेलं एकापुढे एक जोडलेली. मीटरने सहासष्ट व्होल्ट दाखवले आणि पेटीवर ठळक छापलं होतं, साठच्या वर नको.

मग मेहुण्यांची खरडपट्टी निघाली. पॅनेलच्या पाठीवर दोन आकडे असतात. अठरा हा काम चालू असतानाचा, बावीस हा काहीच जोडलेलं नसतानाचा. पेटीला सोसायचा असतो तो बावीसचा, आणि गारठ्यात तो आणखी चढतो. यांनी अठरा त्रिक चोपन्न केलं आणि खुशाल वायर खुपसली. डोळे काय गहाण टाकले होते का?

मेहुणे मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "दादा, मी तुम्हाला फोन करून चोपन्न सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जोडा बिनधास्त."

मामाला आठवलं. दातांत स्क्रू, खांद्यावर फोन, समोर गिऱ्हाईक. कुठला आकडा, एवढंसुद्धा त्याने विचारलं नव्हतं. आता शिसारी आली ती स्वतःची.

तो दुकानातली स्वतःची चार्ज केलेली पेटी घेऊन आला. पॅनेलं शेजारी शेजारी जोडली, म्हणजे व्होल्ट बावीसच राहतात, वाढतात ते अँपिअर. तेही पेटीच्या मर्यादेत आहेत हे त्याने दोनदा वाचलं, मीटर लावला, मगच वायर जोडली. एक वाजता वीज गेली. मशीन चालू राहिलं.

"दादा, अगदी देवासारखा धावून आलास रे," बहीण म्हणाली.

ते त्याला सहन होईना. "पेटी मीच जाळली," तो म्हणाला. "न बघता हो म्हणालो."

सासूबाईंनी नाकातली नळी नीट केली आणि दम घेत विचारलं, "मग आता तरी मोजलंस ना, बाबा?"

मोजलं होतं. तरी तो उठला आणि पुन्हा गच्चीचा जिना चढू लागला.