वाढत्या मापाची बॅग

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लिहायची वेळ आली ती डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांपुरती, जिरं, धने, एवढीच. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी सगळ्यांनी व्याह्यांची आठवण लिहून द्यायची ठरली, तेव्हा मंजू म्हणाली, "आई, तूही दोन ओळी दे." मी दिल्या. फार हसतमुख माणूस होता, घर सुनं झालं, असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. हसायचे ते खरंच. कोणाला हसायचे, ते मात्र अंकात छापण्यासारखं नाही... म्हणून ते इथे, माझ्यापुरतं लिहिते आहे.

व्याही म्हणजे माझ्या मंजूचे सासरे, शरदराव. ते गेले त्या सकाळी मी पोळ्या लाटत होते. मंजूचा बाप फार लवकर गेला, आणि तिचं पहिलं बाळंतपण करायला म्हणून मी अमेरिकेत, नेपरव्हिलला आले ती इथलीच झाले. जावयाच्या घरी बसून खायचं नाही म्हणून आसपासच्या घरांना पोळ्या करून देते. पीठ माझं, कमाई माझी. तर मंजू फोन हातात धरून जिन्यावरून खाली आली आणि म्हणाली, "आई, बाबा गेले. झोपेतच गेले." मी हातातली पोळी तव्यावर टाकली, कारण लाटलेली पोळी तशीच ठेवली तर ओट्याला चिकटते. आणि तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहिते. मनात आलं, माझे पैसे राहिले आणि हा माणूस सुटला. मग मी शेगडी बंद केली आणि लेकीला जवळ घेतलं.

ते मोठे इंजिनिअर होते. तरुणपणी इकडे आले, शिकागोच्या गाडीनं वर्षानुवर्षं कामाला गेले, दोन मुलं शिकवली. निवृत्त झाल्यावर घराच्या तळघरात त्यांनी हिरव्या कापडाचं एक भलंमोठं टेबल आणून मांडलं. पूल म्हणतात त्या खेळाला. काठीनं पांढरा गोळा मारायचा आणि त्यानं रंगीत गोळे कोपऱ्यातल्या भोकांत घालवायचे. खेळ संपला की ते काठीचे दोन भाग फिरवून वेगळे करायचे आणि मऊ फडक्यानं पुसायचे. इतक्या मायेनं पुसायचे की एकदा कुमुदताई, म्हणजे माझी विहीण, मला म्हणाली, "मला ताप आला तर कपाळावर हात नाही ठेवला कधी. त्या काठीचं बघ." काठी मात्र एका जुन्या टॉवेलात गुंडाळून, वरून नाडी बांधून मित्रांच्या घरी न्यायचे. ते मी पाहिलं होतं. म्हणून त्यांची सत्तरी आली तेव्हा मी मंजूला म्हटलं, आहेर माझ्या पैशांनी करायचा आणि त्या काठीसाठी चांगली बॅग घ्यायची.

दुकानात भिंतभर बॅगा टांगलेल्या होत्या. लांब नळकांड्यासारख्या, आत पोकळ नळ्या. विकणाऱ्या माणसानं मंजूला विचारलं, मागचे भाग किती, पुढचे किती? त्याचं म्हणणं असं की काठीचा जाड भाग मागचा, बारीक भाग पुढचा, आणि बॅगेचं माप इंचांत नाही, तर किती मागचे नि किती पुढचे मावतात त्यावर. एक बाय एक, एक बाय दोन, दोन बाय चार. मंजू माझ्याकडे बघायला लागली. "आई, बाबांकडे काठ्या किती आहेत गं?"

"हातात एक असते. बाकीच्या मी मोजायला गेले का?"

"अमोघला विचारते."

"विचारू नकोस. जावयाच्या तोंडात काही राहत नाही, सगळी गंमत जाईल."

मंजू म्हणाली, मग मधली घेऊ, दोन बाय दोन. मी नको म्हटलं. मानाची वस्तू बेतानं देत नाहीत. आमच्यात झबलं असो, परकर असो, वहाणा असोत, सगळं वाढत्या मापाचं घेतात. आज ढगळ वाटलं तरी उद्या अंगाला बसतं, आणि देणाऱ्याचा हात आखडता दिसत नाही. आज एक काठी आहे, उद्या तीन होतील. मी सगळ्यात मोठी दाखवली. तीन बाय सहा. काळं कातडं, आत कुंकवाच्या रंगाचं अस्तर, खांद्याला पट्टा. दिवाळीच्या हंगामात रोज पहाटे उठून कमावलेलं सगळं त्यात गेलं, आणि दुकानातून बाहेर पडताना मला आनंद झाला होता हे मला नीट आठवतं.

सत्तरीच्या दिवशी तळघरात वीसेक माणसं होती. वरच्या स्वयंपाकघरात सगळ्यांच्या पोळ्या मीच माझं लाटणं नेऊन केल्या होत्या, आणि आता जिन्याच्या पायरीशी उभी होते. मला माणसांत बोलता येत नाही, जीभ टाळूला चिकटते. व्याह्यांनी कागद फाडला, बॅग उघडली आणि आत डोकावून पाहिलं. मग शांतपणे आपल्या काठीचा मागचा भाग एका नळीत घातला. त्या काठीला पुढचे भाग दोन होते, एक जादा. तेही घातले. मग वर बघून म्हणाले, "विहीणबाई, माझं कुटुंब संपलं. सहा खोल्या रिकाम्या. भाड्यानं देऊ का?"

सगळे हसले. मंजू घाईघाईनं म्हणाली, "बाबा, आई म्हणाली वाढत्या मापाची घेऊ."

ते तिनं सांगायला नको होतं. "वाढत्या?" ते म्हणाले. "अहो, मी आज सत्तर वर्षांचा झालो. आता माझं आणखी काय वाढायचंय? शुगर?" त्यांचे मित्र डॉक्टरकाका तर टेबलाला धरून हसत होते. हसू थांबेना तसं व्याह्यांना चेव चढला. एकात अगरबत्त्या ठेवू, एकात छत्री ठेवू, असं करत करत ते अमोघरावांना म्हणाले, "अरे, वरून तुझ्या सासूबाईंचं लाटणं आण. माप घेऊन बघू." आणि अमोघरावांनी आणलं. माझा जावई वाईट नाही, पण बापापुढे त्याला नाही म्हणता येत नव्हतं. माझं लाटणं, ज्याच्यावर त्या बॅगेचा पैसा उभा राहिला ते, त्यांनी कुंकवाच्या रंगाच्या नळीत सोडलं. "बसलं! परफेक्ट फिट! बघा, विहीणबाईंनी स्वतःच्या मापानं आणलीय." मीही हसले. माणसांत लेकीच्या आईला हसावंच लागतं.

इथवर मी सोडून दिलं असतं. थट्टा कोणाची होत नाही? पण पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले तर भिंतीला वेगळीच बॅग टांगलेली. बारीकशी, तपकिरी. कुमुदताई म्हणाली, "अगं शालनताई, बदलून आणली त्यांनी. एक बाय दोन. उरलेले पैसे तुला द्या म्हणून सांगितलंय मी." आमच्या गावात आहेर परत करणं म्हणजे संबंध तोडणं. साडी नाही आवडली तर नेसू नये, ट्रंकेत ठेवावी, पण दुकानात नेऊन बदलून आणत नाहीत. इथे मात्र सगळेच सगळं परत करतात, त्यात कोणाला काही वाटत नाही, असं मंजूनं मला समजावलं. मी समजून घेतलंही असतं. पण त्याच दिवशी जेवताना डॉक्टरकाकांनी नव्या बॅगेचं कौतुक केलं, तर व्याही म्हणाले, "स्वतः निवडली. माप कळायला डोकं लागतं." आणि मग माझ्याकडे वळून, "विहीणबाई, तुमचे वरचे पैसे देणं आहे माझ्याकडे. लिहून ठेवा हं. लिहिता येतं ना?"

त्या दिवसापासून मी त्यांना माफ केलेलं नाही. उरलेले पैसे मला नकोच होते. माझा आहेर त्या घरात राहिला नव्हता, मग माझे सगळेच पैसे परत यायला हवे होते. बोलता येत नव्हतं म्हणून जे हाताला येतं ते केलं. तव्यावरची पहिली पोळी कधी नीट होत नाही, कुठे कच्ची, कुठे करपलेली. ती गाईची. इथे गाय नाही. ते जेवायला आले की ती मी त्यांच्या पानात वाढायची, तूप जरा जास्त लावून. "विहीणबाईंच्या हाताला चव आहे हो," ते दर वेळी म्हणायचे. आणि मी दर वेळी मान खाली घालून म्हणायची, "आणखी घ्या."

माणूस नुसता वाईट नव्हता, हेही लिहिते. एका हिवाळ्यात माझी दाढ ठणकत होती आणि मंजू, अमोघराव दोघं कामावर. बर्फात रस्ता दिसत नव्हता, तरी ते गाडी घेऊन आले, मला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, तिथे माझ्या वतीनं भांडले आणि परतताना सांगितलं, "विहीणबाई, आज डाव्या बाजूनं खा." पण येताना गाडीत दाढेच्या पोकळीत किती काठ्या मावतील यावर बोलत होते. तोंडात कापूस होता म्हणून मला उत्तर देता आलं नाही... नसता तरी दिलं नसतं. त्या फेरीचं पुण्य त्यांच्या नावावर राहू दे. त्यानं बॅगेचं फिटत नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी कुमुदताईनं तळघर आवरायला काढलं. आम्ही सगळे होतो. डॉक्टरकाका भिंतीपाशी जाऊन ती तपकिरी बॅग हातात घेऊन उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे. कुमुदताई म्हणाली, "घेऊन जा तुम्ही. ह्यांची आठवण म्हणून. नाहीतरी त्यांचीच आवड, त्यांनीच घेतलेली."

मी म्हटलं, "त्यांनी नाही घेतली."

माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. मंजूनं माझा हात धरला. मी तो सोडवला. "त्या बॅगेला पैसे माझे लागलेत. माझा आहेर तुम्ही परत केलात. आहेर परत केला तर पैसे परत करायचे असतात. उरलेले नाही, सगळे."

"शालनताई," कुमुदताई म्हणाली, "आज? त्यांना जाऊन महिना नाही झाला."

"मग कधी? ते होते तेव्हा तुम्ही म्हणालात, देतील."

अमोघराव कळवळून म्हणाले, "आई, मी देतो ना, प्लीज. आत्ता पाठवतो."

"तुमचे नकोत. तुम्ही लाटणं आणून दिलंत, तेवढं पुरे झालं. मला त्यांचेच पाहिजेत."

डॉक्टरकाकांनी बॅग हळूच टेबलावर ठेवली, जणू ती तापली होती. मला वाटलं आता कुमुदताई रडेल किंवा मला घराबाहेर काढेल, आणि माझी दोन्हीला तयारी होती. ती वर गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. खाली आली तेव्हा तिच्या हातात व्याह्यांचं पाकीट होतं, आणि बँकेचा लिफाफा. किती ते तिनं मला विचारलं नाही. तिला माहीत होतं, सगळी वर्षं माहीत होतं. तिनं माझ्या हातावर नोटा ठेवल्या, आणि आपल्यात देताना ठेवतात तसा सवयीनं वर एक डॉलर ठेवला.

तो डॉलर मी उचलून तिच्या हातात परत दिला. म्हटलं, "हा नको. हा आहेर नाही."

डॉक्टरकाकांना म्हटलं, आता न्या बॅग. ते खांद्याला लावून गेले. पैसे बरोबर होते, सगळे.