रेकॉर्डमधली झांज

ह्यांचे कान किती तिखट होते हे सांगितलं तर आज कुणी खरं मानणार नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात हे प्रेसवर होते. दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळायचा, धाडधाड, आणि त्या गदारोळात कुठल्या डायला, म्हणजे साच्याला, तडा गेलाय ते ह्यांना नुसतं ऐकून कळायचं. बाकीचे कामगार कानात कापसाचे बोळे घालायचे. हे नाही. "बोळा घालून प्रेस चालवायचा म्हंजी डोळं मिटून सायकल चालवायची," म्हणायचे. मला त्याचं कौतुकच वाटायचं. मूर्ख होते मी.

सत्तर सालाच्या पुढेमागे नवी यंत्रं बसवायला फ्रान्सहून एक साहेब आला. वर्षभर राहिला. ह्यांच्या कानावर तो खूश होता. जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड ह्यांना देऊन गेला. कव्हरवर कोट घातलेला काळा माणूस, पुढ्यात भलीमोठी लाकडी पेटी. साहेबाने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं होतं, की हा मूळचा अमेरिकेचा. तिकडे काळ्या माणसाला मान नाही, म्हणून पॅरिसला येऊन राहिला आणि तिथेच ही रेकॉर्ड भरली. पेटी विजेवर चालते, हातांनी वाजवतात आणि पायांनीही. साथीला गिटार आणि ड्रम. बस, तीनच माणसं.

पहिल्यांदा लावली तेव्हा मी म्हटलं, "अहो, ही काय पिठाची गिरणी चालू केलीत?" आणि चार-आठ दिवसांत मीच पोळ्या लाटताना ती चाल गुणगुणायला लागले. गुरुवारी कंपनीला सुट्टी. दर गुरुवारी चाळीतल्या आमच्या एका खोलीत तो परका माणूस वाजवायचा. हे म्हणायचे, "गाव सोडलेल्या माणसाचा हात हाय ह्यो. कळतंय." आम्हीही बीडकडून आलेलो आणि परत न गेलेलो. मला ते पटायचं.

पाच-सहा वर्षांनी एका गुरुवारी ह्यांनी रेकॉर्ड मध्येच थांबवली.

"ड्रमवाल्याची झांज ऐकू येईना. तुला येतीय का गं?"

येत होती. पितळेचा तो चिसचिस आवाज, तेलात मोहरी तडतडावी तसा, स्वच्छ येत होता.

हे लिहिताना हात थांबतो. त्याच आठवड्यात फोरमनने ह्यांना विचारलं होतं, पॅकिंगला जागा आहे, जातोस का, तिथे शांत असतं. हे घुटमळत होते. प्रेसवरून पॅकिंगला जाणं म्हणजे कारागिराचा हमाल होणं, असं ह्यांच्या मनात. तरी म्हणाले होते, "कान गेलं असतील तर जातो बापडा." म्हणजे निकाल माझ्या तोंडी होता. आणि ह्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की मी बोलून गेले, "नाही हो, मलाही येत नाही. रेकॉर्ड झिजली असेल."

हे हसले. किती सुटल्यासारखे हसले! दुसऱ्या दिवशी फोरमनला नाही म्हणून आले.

पुढच्या सुट्टीला प्लेअर पिशवीत घालून आम्ही पिंपरीला गेलो. तिथे रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते, भला माणूस. त्यांनी सुई बदलली, रेकॉर्ड लावली, कान दिला. हे पाठमोरे उभे राहून रस्ता बघत होते. चाचा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भाभी, मशीनला काय बी झालेलं न्हाई. प्लेट बी साफ हाय. भाऊंचे कान दाखवा कुणाला तरी. अजून वेळ हाय." हे दोन हातांवर होते. वळलेसुद्धा नाहीत.

बाहेर पडल्यावर मला विचारलं, "काय म्हणला त्यो?"

मी म्हटलं, "जुन्या रेकॉर्डी अशाच होतात म्हणाले."

पहिलं खोटं दयेपोटी होतं असं म्हणता येईल. दुसरं पहिलं झाकायला. त्याला चांगलं नाव नाही.

झांजेमागोमाग गिटार गेली. मग पेटीचे वरचे सूर. मग माझी हाक, मग आमच्या धाकट्या लेकीचं रडणं. शेवटी पायांनी वाजवलेला खर्ज तेवढा उरला. प्लेअरवर पंजा ठेवून हे तो ऐकायचे, की नुसता हाताला लागायचा, कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, त्या आवाजातून आधीच बाहेर काढायला हवं होतं. मी मान हलवली. कंपनीने ह्यांच्या हातात झाडू दिला.

घरातलं बोलणं पाटीवर आलं. भाजी कुठली आणू, कोण येऊन गेलं, सगळं मी लिहून दाखवायची. एवढंच लिहायचा धीर झाला नाही.

एका गुरुवारी दुपारी रेकॉर्ड चालू होती. हे प्लेअरवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "पार गेली गं रेकॉर्ड. काहीच उरलं न्हाई हिच्यात."

माझ्यानं राहवलं नाही. ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, "झांज येत होती! तेव्हाही येत होती, आत्ताही येतेय! मी खोटं बोलले हो!" पुन्हा पुन्हा ओरडले. घसा बसला, डोळ्यांना धार लागली. हातातली कामं टाकून चाळीतल्या बायका दारात जमल्या. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. कुणीकुणी पदराने डोळे टिपत होत्या.

ह्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं,

"कोण गेलं गं?"