सुमनबाईंनी जागा का विकली नाही

सुमनबाई रोज सकाळी अंगण झाडायच्या आणि मोहाच्या झाडांपाशी आल्या की हात थांबवायच्या. पुढे पानांचा थर तसाच. गडचिरोलीच्या कडेला, धानोऱ्याच्या रस्त्यावर त्यांच्या शेजारी घर बांधून मी राहायला आलो, तेव्हा मला तो आळस वाटला होता. विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, इथून पुढं माया झाडू चालत नाई. ते मैनीचं हाय."

मैनीबाई जवळच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, गोंड घरातली. जमीन सुमनबाईंची, पण त्या मोहांची फुलं मैनीबाईच्या सासूच्या काळापासून त्यांच्या घरची. फुलं गळायच्या आधी ज्यानं झाडाखाली झाडलं, त्याचा त्या फुलांवर हक्क. मग दुसरा कोणी तिथे वाकत नाही. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

सुमनबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. दोन खोल्यांचं कवेलूचं, कौलारू घर, मागे धानाच्या बांध्या. भोवतीच्या जमिनींचे प्लॉट पडले तसा लेआउटवाला खेपा घालू लागला. त्याला त्या म्हणायच्या, "घर मायं हाय, बापू. झाडं मायी नाई. मंग ते तुले विकू कशी?" चौकात मात्र पसरलं की बाई चढ्या भावासाठी अडून बसली आहे. मीही ते ऐकून हसलो होतो.

एका फाल्गुनात त्या पाय मोडून नागपूरला लेकीकडे होत्या. परततील तेव्हा आवार स्वच्छ दिसावं म्हणून मी मोहांखालचा पाला लोटून जाळला, जागा लख्ख केली. मैनीबाई टोपली घेऊन आली, झाडलेली जागा पाहिली आणि तशीच परत गेली. फुलं गुरांनी खाल्ली. लोक बोलू लागले, की सुमनबाईंनी मैनीला हाकललं, आता जागा विकणार. तेव्हा कुठे मला समजलं मी काय केलं ते. तरी मी गप्प राहिलो.

सुमनबाई काठी टेकत परतल्या, त्यांना सगळं कळलं आणि माझ्याच स्कूटरवर मागे बसून त्या टोल्यावर गेल्या. मैनीबाई खाटेवरून उठलीही नाही. "तूच झाडाले लावलं न, बाई. मंग आमी कायले येऊ?"

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "झाडणाऱ्याची चूक झाली. झाडं तुयीच हायेत. येत्या साली तू नाई आली, तं मी इथीच येऊन बसन. रोज जेवाले घालजो मले."

मैनीबाईला हसू आलं. पुढच्या हंगामात ती आली.

गेल्या हिवाळ्यात सुमनबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "राख तुमच्या कुंपणाकडं लोटली होती. मले तवाच समजलं." मग बोलल्या का नाहीत, असं विचारलं. "तुमाले इथीच राहाचं होतं न, भाऊ. पण आता मले नका सांगू. मैनीले सांगा. चौकात सांगा. मायी लेक जागा विकाले निघन, तिले अगुदर सांगा."

त्या गेल्या. तेरवीला, तेराव्या दिवशी, सगळे जमले होते, त्यांची लेकही, लेआउटवालाही. सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं, की मोहांखाली मीच झाडलं होतं आणि ती झाडं मैनीबाईची आहेत. मैनीबाई म्हणाली, "चूक कोणाच्याबी हातानं होते, भाऊ. पर त्या दिवशी बाई माया दारात बोलणी खाऊन राह्यली होती, तवा तुमी बोलाचं होतं."

 घराचं काय करायचं ते लेकीनं ठरवावं. मोहांचं मात्र ठरलेलं आहे, आणि जो कोणी विचारायला येईल त्याला ते सांगायला मी शेजारी आहे.