कमलफुईचा नकार

कार्डाचा पिन दाबायची वेळ आली की कमलफुई डोक्यावरचा पदर पुढे ओढून मशिनीसकट स्वतःला झाकून घ्यायची, सर्दी झालेलं माणूस वाफ घेतं तसं. त्याआधी मेडिकलवाल्याला फर्मान सुटायचं, "भाऊ, तथा तोंड कर." तो बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. पदराखालून टुकटुक ऐकू यायचं, आणि फुई लढाई जिंकल्यासारखी बाहेर यायची.

फुई म्हणजे आत्या. नंदुरबारजवळ कोरीटला घर, शेत वाट्याने दिलेलं, एकुलता एक विलास सुरतेला नोकरीला. फुवा होते तोवर बांगड्या भरायच्या तरी त्यांच्याकडे मागायचं, ते गेल्यावर विलासकडे. मग माझ्या सांगण्यावरून विलासने तिला प्रीपेड कार्ड आणून दिलं. महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे त्यात भरायचे, फुवांच्या पेन्शनचं खातं त्याला जोडायचंच नाही. कार्ड हरवलं तर जाईल तेवढंच.

"मन्हा पैसा, मन्हा हात," फुई म्हणाली. "आते कोनले इचारानं काम नही."

पिन तिने मलाही कधी सांगितला नाही. पण तिला 'नाही' म्हणता यायचं नाही. तसं आमच्याकडे तोंडावर कुणीच म्हणत नाही. मुलीला स्थळ पसंत नसलं तरी "देखसू", म्हणजे बघू, एवढंच म्हणायचं. समोरचा काय ते समजतो, चहा संपवतो आणि उठतो. एकदा कुठल्याशा बँकेच्या नावाने फोन आला. प्रीपेड कार्डवाल्यांना क्रेडिट कार्ड फुकट आहे, पाठवू का? फुई म्हणाली, "हा भाऊ, देखसू." त्याने तो होकार धरला. मग एक जण कागद तपासायला म्हणून घरी आला, फोटो काढला, अंगठा घेतला. दारी आलेला माणूस, फुईने त्याला चहा पाजला, वर शेव दिली.

ते क्रेडिट कार्ड तिने पाकिटातून बाहेरसुद्धा काढलं नाही. तरी त्याची फी लागली, कुणी न मागितलेला विमा लागला, त्यावर दंड, दंडावर व्याज. फुईला पत्ता नाही. शेवटी वसुलीवाले ओट्यावर येऊन बसले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात फुवांचं नाव घेऊन नाही नाही ते बोलले. फुईने त्यांनाही चहा विचारला. ते गेल्यावर आत जाऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

विलास आला. त्याने पैसे भरले, क्रेडिट कार्ड बंद करायचा अर्ज दिला, बंद झाल्याचं लेखी घेतलं. मग म्हणाला, "माय, ते प्रीपेड कार्डबी दी दे. लागी ते मी धाडसू."

फुईने कार्ड मुठीत धरलं. म्हणाली, "हा, देखसू."

विलास इथलाच, त्याला अर्थ कळला. दिवाळीपर्यंत नाही म्हणायला शिकलीस तर ठेव, नाहीतर मी घेऊन जाईन, असं सांगून तो गेला.

शिकवणी माझ्याकडे आली. माझ्या स्वतःच्या पाकिटात तीन क्रेडिट कार्डं आहेत, तिन्ही फुकटच्या बॅगेपायी घेतलेली. बॅगांच्या चेनी कधीच तुटल्या, कार्डं चालू आहेत. तर असा हा गुरू मागच्या खोलीतून फोन लावायचा.

"मॅडम, तुम्हाला लोन मंजूर झालंय."

"कितलं?"

"फुई, कितलं इचारानं नही."

"मंग त्याले वाईट नही वाटाव?"

"त्याले त्यानाच पगार मिळस."

"बरं. जेवना का तो?"

अहिराणीत नकार देणं तिला उद्धटपणाचं वाटायचं. शेवटी मी तिला शाळेतल्या कवितेसारखं पुस्तकी मराठीत पाठ करून दिलं: "नको. मला गरज नाही. पुन्हा विचारू नका." हे जमलं. ती कचेरीची भाषा, तिच्यात कुणी कुणाचं लागत नव्हतं. दिवाळीला विलासने परक्या नंबरवरून आवाज बदलून फोन केला. फुईने सगळं धडाधड म्हटलं आणि फोन ठेवला. कार्ड तिच्याकडेच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, सुरतेला न्या, ऑपरेशन केलं तर वर्ष-दोन वर्षं मिळतील. विलास दवाखान्यातल्या तिच्या खाटेशी वाकून म्हणाला, "माय, गाडी खाले उभी शे. चाल."

फुई म्हणाली, "नको. मला गरज नाही. पुन्हा विचारू नका."

पोटच्या पोराला 'विचारू नका'. विलास तिथेच भिंतीला टेकला. मला ते वाक्य तिच्या तोंडून ऐकवेना, आणि त्यात काही चूकही काढता येईना.

आम्ही पुन्हा विचारलं नाही. तिला कोरीटला आणलं. दुखणं थांबवायच्या गोळ्या ती शेवटपर्यंत स्वतःच्या कार्डावर आणवायची. मेडिकलवाला मशीन घेऊन घरी यायचा. पदर ओढायचं बळ उरलं नव्हतं, तरी तो आपणहून भिंतीकडे वळायचा. पोळ्याच्या आधी ती गेली.

दहाव्याला विलास नदीच्या काठावर माझ्याजवळ येऊन बसला.

"दादा, ती 'देखसू' म्हनती तं?"

"तं आपन तो होकार धरी लेतूत. उचलीसन गाडीमा टाकतूत."

"त्याना अर्थ आपनले माहीत व्हता तरी?"

"माहीत व्हता तरी."