सासूबाईंचं नाक

गॅरेजवालीला सडकून सर्दी झाली आणि नेमकी त्याच दिवशी गचके खाणारी ऑटोमॅटिक गाडी आली. गिअरबॉक्सचं तेल जळलं की वासावरून कळतं, पण हिचं नाक चोंदलेलं. शेवटी तिने माडीवरून सासूबाईंना बोलावलं. शेजारची भाजी लागली तरी घरातून ओरडणारी बाई ती!

तेल तपासायची पट्टी हुंगून त्या गाडीवाल्यावर कडाडल्या, "पार करपवलंस की रे! आच मंद ठेवायला नको?"

तो ओशाळला. "जरा जोरातच पळवतो, आजी."

सुनेने जुनं तेल काढलं, काळ्या गाळाने तुंबलेला फिल्टर बदलला आणि नवं लालबुंद तेल भरलं. आता गाडी इतकी अलगद धावली, की गिअर कधी बदलला तेही कळेना.

सर्दी गेली, पण सासूबाई माडीवर परतायचं नाव घेईनात. "तुझं नाक नाजूक गं," म्हणत येईल ती गाडी आधी त्याच हुंगतात.