धुराची बाजू

पिंपळवंडीकडच्या आमच्या शाळेतले शिपाईमामा पोरांच्या हातात बिनधास्त काड्यापेटी द्यायचे. घरी नुसतं चुलीजवळ गेलं तरी पाठीत धपाटा बसायचा, आणि हा माणूस पाचवीतल्या पोरींनाही म्हणायचा, "घे, पेटव." आमच्या आया त्यांच्यावर डाफरायच्या, पण मामा कसले ऐकतायत!

हिवाळ्यात शनिवारी सकाळची शाळा असायची. थंडी मरणाची. घंटेच्या आधी मैदानात शेकोटी व्हायची आणि ती रचायची आम्हीच. खाली उसाचं पाचट, वर तुराट्या, मग बाभळीची लाकडं. आम्हाला घाई, सगळं एकदम कोंबायचो आणि नुसता धूर व्हायचा. मामा हाताची घडी घालून बघत राहायचे. "वारं जायाला जागा ठिवली का?" एवढंच विचारायचे. स्वतः हात लावायचे नाहीत.

नियम मात्र एक कडक होता. ज्यानं पेटवली, त्यानं धुराच्या बाजूला बसायचं. एकदा मी डोळे चोळत कुरकुरले, तर म्हणाले, "आपण लावलेला जाळ आपणच राखायचा, पोरी. धूर दुसऱ्याला खायाला घालायचा न्हाई." मला त्यातलं काही कळलं नाही. माझं सगळं लक्ष निखाऱ्यात भाजत घातलेल्या शेंगांवर.

सहावीत मी अतिशहाणपणा केला. माझ्या पाळीला दोनदा शेकोटी पेटली नव्हती, पोरं चिडवत होती. म्हणून औषधाच्या बाटलीतून घरचं रॉकेल नेलं आणि मामांची पाठ वळताच ओतून काडी लावली. असा भडका उडाला म्हणता! पेटतं पाचट वाऱ्यानं उडालं ते थेट शाळेमागच्या कडब्याच्या गंजीवर. माणसं बादल्या घेऊन धावली, पण गंज गेलीच. बाटली मी कुंपणात फेकून दिली.

गंजीचा मालक हेडमास्तरांसमोर मामांना वाट्टेल ते बोलला. मामा हात जोडून उभे. माझं ध्यान नव्हतं, चूक माझी, एवढंच म्हणत राहिले. मी दारातच होते. दोन शब्द बोलले असते तरी पुरे होतं. माझी मेलीची जीभच उचलली नाही. शेकोटी त्या दिवसापासून बंद झाली.

परवाच्या हिवाळ्यात, इतक्या वर्षांनी, धीर करून त्यांच्या घरी गेले. मामा ओट्यावर उन्हाला बसले होते, फार थकलेत. सगळं सांगून टाकलं, रडलेसुद्धा.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुझ्या हाताला रॉकेलचा वास येत व्हता. मी वाट बघितली. आज सांगल, उद्या सांगल."

माझ्यामुळे हेडमास्तरांनी तुमची शेकोटी बंद केली, असं मी म्हणाले, तर त्यांनी मान हलवली.

"हेडमास्तर पुढल्या सालीच म्हणलं व्हते, करा परत. मीच न्हाई म्हणलो. पोरं लई मागं लागायची, वंगाळ वाटायचं. पण पोरांवरचा भरवसाच उडाला व्हता माझा."