आश्रमाची टोपली

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आजारी पडण्याआधी काय खाल्लं होतं?" आणि मी म्हणालो, "पाणीपुरी."

माझ्या आजारपणातली ही पहिली चूक. मी पाणीपुरी खातच नाही. त्या तिखट पाण्याने मला ठसका लागतो आणि मग चार माणसं पाठ थोपटत बसतात, हे सेलूच्या अर्ध्या बाजाराला ठाऊक आहे. माझी बायको कुंदा खाटेच्या उशाशी उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पदराने घाम पुसला. तो माझा पुसला की स्वतःचा, आता आठवत नाही.

मॅडमनी कागदावर पाणीपुरी लिहिलं आणि निदान सांगितलं. गॅस्ट्रोएन्टरायटिस, म्हणजे पोटात जंतू जाऊन आतड्यांना आलेली सूज. त्यातून डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी संपणं. एवढ्यावर मी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, "क्रिएटिनीन वाढलंय. किडन्या काम करेनाशा झाल्यात. दोन दिवसांत सुरू झाल्या नाहीत तर डायलिसिस करावं लागेल."

क्रिएटिनीन म्हणजे रक्तातला कचरा. तो गाळून बाहेर टाकणं हे किडनीचं काम. माझ्याकडे तो साचू लागला होता. आयुष्यभर शिळा माल दुकानात साचू न देणाऱ्या माणसाच्या पोटात आता कचरा उचलायला कोणी नव्हतं.

माझं वर्ध्याजवळच्या सेलूला किराण्याचं दुकान. दोन हजार सालानंतर एका डेअरीची एजन्सीही घेतली. एजन्सी घेतली आणि भारनियमन वाढलं. दिवसात आठ-आठ तास लाईट नाही, वर विदर्भातला उन्हाळा. फ्रीज म्हणजे नुसतं कपाट झालं होतं.

तारीख उलटलेला माल कंपनी परत घेत नसे. पण आमच्या बाजारात त्यावर एक जुनी पद्धत होती. दर अमावास्येला फळ्या आवरायच्या, तारीख गेलेली बिस्किटं, शेवया, मसाले, दूध पावडर एका टोपलीत टाकायची. तिला आम्ही सगळे दुकानदार आश्रमाची टोपली म्हणायचो. टोपली भरली की गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. फेकल्याचं पाप नाही आणि दिल्याचं पुण्य आहे, असा दुहेरी हिशेब. मला तर एका वर्षी व्यापारी मंडळाने नारळ आणि शाल देऊन 'दानशूर' म्हटलं होतं. ती शाल मी थंडीत अजून वापरतो. उबदार आहे, काय करणार.

त्या चैत्रात वडिलांची तिथी आली. आमच्याकडे तिथीला वृद्धाश्रमात पंगत देतात. वरण, भात, भाजी, पोळ्या कुंदाने आणि शेजारणींनी केल्या. गोड काय, असा प्रश्न आला तेव्हा मी छाती काढून म्हणालो की ते माझ्यावर सोडा. फ्रीजमध्ये बासुंदीच्या पाकिटांच्या तीन पेट्या होत्या. तारीख उलटून एकवीस दिवस झालेले. काही पाकिटं फुगली होती. मी स्वतःची समजूत घातली की कंपनीने माल ठासून भरलाय.

वाढताना मी फार रंगात आलो. सरसाबाई म्हणून एक बाई तिथे आहेत. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. त्या वाटीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुरे शेटजी, मले नाई चालत एवढं गोड." मी त्यांचा हात बाजूला केला. "माह्या बापाच्या नावानं, माय. एकच वाटी." ती वाटी त्यांनी संपवली. मग त्यांनी सूड म्हणून मला आग्रह केला आणि मी चार वाट्या ओरपल्या. कुंदाचा गुरुवारचा कडक उपास होता, म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझं सुरू झालं. उलट्या, जुलाब, पायात गोळे. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. कुंदाने जीप केली आणि मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. आणि तिथे मी म्हणालो, पाणीपुरी.

काऊन म्हणालो? तुमच्यापैकी कोणी कधी त्या खाटेवर पडला तर कळेल. माणूस मरणाला भितो, पण त्याच्या जरा आधी लाजेला भितो.

पहिला दिवस सलाईनमध्ये गेला. लघवीसाठी नळी घातली होती, तिला खाली पिशवी. सिस्टर दर तासाला वाकून पिशवीतला आकडा बघायच्या आणि कागदावर लिहून जायच्या. कुंदाही बघायची. पिशवी जवळजवळ कोरडी. एवढ्या बारकाईने मी कधी तेलाचं मापही पाहिलं नव्हतं.

मधेच तिने हळूच विचारलं, "पाणीपुरी कधी खाल्ली तुम्ही?" मी डोळे मिटून घेतले. ती पुढे म्हणाली की आश्रमात बाकीच्यांनीही बासुंदी खाल्ली आहे. मी झोपल्याचं सोंग केलं. पंगतीतली ती चाळीस माणसं मला आठवली नव्हती असं नाही. मी त्यांना आठवू देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किडनीची सोनोग्राफी सांगितली. मला चाकाच्या खुर्चीत बसवून त्या खोलीबाहेरच्या रांगेत नेलं. बाकावर माणसं, भिंतीला टेकलेली माणसं, आणि दाराजवळ एक स्ट्रेचर. स्ट्रेचरवर पांढऱ्या चादरीत एवढंसं काहीतरी पडलेलं. शेजारी वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक नानाजी उभे होते.

स्ट्रेचरवर सरसाबाई होत्या.

नानाजींनी मला पाहिलं आणि त्यांना भरूनच आलं. म्हणाले, शेटजी, तुमालेही झालं का? त्यांच्याकडे आणखी सहा जणांना जुलाब होते. त्यांना वाटत होतं, विहिरीचं पाणी बिघडलं असेल. त्यांनी विहिरीत औषध टाकलं होतं, पाणी उकळून देत होते. सरसाबाईंना कालपासून लघवीच नाही. डॉक्टरांनी विचारलं तर नानाजींनी तेच सांगितलं, पाणी खराब आहे. मग जरा समाधानाने म्हणाले, "बाकीच्याइच्या तोंडाले चव नाई. तुमची पेटीभर बासुंदी उरली आहे, बर्फात ठेवून राह्यलो. आज दुपारी देतो थोडी थोडी, अंगात ताकद येईन."

मला अजून ती रांग आठवते. पंखा गरगरत होता. कोणाचा तरी नंबर पुकारला.

मी म्हणालो, "नानाजी, ते फेका."

"काऊन?"

"तारीख गेलेली आहे. एकवीस दिवस झाले."

नानाजींनी एक पाऊल मागे घेतलं, एवढंच. चादरीतून मात्र आवाज आला. मला वाटलं होतं, त्या शुद्धीत नाहीत.

"तुमाले माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

सरसाबाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "आमाले भूक आहे, शेटजी, पण आमी उकिरडा नाई. डोयाले दिसत नाई म्हणून तारीख वाचता येत नाई, इतकंच."

मग त्यांचा नंबर लागला आणि स्ट्रेचर आत गेलं. मी नानाजींना म्हणालो, धावा, आश्रमात फोन करा, त्या पेटीला कोणी हात लावू नका म्हणावं. ते खाली रस्त्यावरच्या टेलिफोन बूथकडे पळाले. साठी ओलांडलेला माणूस, धोतर सावरत पळाला. मी खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला म्हणालो, सोनोग्राफी राहू द्या, मला आधी मॅडमकडे न्या. तो म्हणाला, नंबर जाईल. मी म्हणालो, जाऊ दे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. म्हणाल्या, "हे काल सांगितलं असतं तर आम्ही आश्रमात कालच गाडी पाठवली असती." त्यांनी कागदावरची पाणीपुरी खोडली. तासाभरात दोन डॉक्टर आश्रमात गेले, सहाच्या सहा जणांना घेऊन आले. उरलेली बासुंदी तपासायला गेली. नंतर कल्चर आलं. कल्चर म्हणजे जंतू वाढवून त्यांची ओळख पटवणं. माझा, सरसाबाईंचा आणि त्या पाकिटातला जंतू एकच निघाला. मॅडमनी हेही समजावलं की तारीख म्हणजे काही विषाचा मुहूर्त नव्हे, त्या दिवशी बारा वाजता अन्न सडत नाही. पण ती गेली की कंपनीही हमी देत नाही. मग उन्हाळ्यात बंद फ्रीजमधल्या दुधाची हमी मी कशाच्या जोरावर दिली? फुगलेल्या पाकिटाचा तर प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या दिवशी व्यापारी मंडळाचे अध्यक्ष सफरचंदं घेऊन आले. त्यांना बातमी लागली होती. खाट जरा झटकून टेकले आणि समजावू लागले. झालं ते झालं, पाणीपुरी सांगितली होती ना, मग तेच धरून ठेवायचं. अन्न निरीक्षक येईल, तोंड उघडलं तर सगळ्या बाजाराच्या टोपल्या बाहेर पडतील. शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, गरिबाले पचते. तुले सवय नाई म्हणून तुले झालं."

मी तसा भांडकुदळ नाही. गिऱ्हाईक कितीही बोललं तरी मी हसतो, आमचा धंदाच तसा. पण तेव्हा माझ्या नाकात नळी, हातात सुई, खाली पिशवी. गमावण्यासारखं अंगावर काही उरलंच नव्हतं. मी म्हणालो, "सरसाबाईले आज डायलिसिसवर घेतलं, भाऊ. वरच्या मजल्यावर जा आणि तिले सांगा, तुले पचते म्हणून. जमत असंन तर मी तोंड नाई उघडत."

ते वर गेले नाहीत. सफरचंदं ठेवून गेले. कुंदाने सफरचंदं आधी वास घेऊन पाहिली.

निरीक्षक आले तेव्हा मी सगळं लिहून दिलं. टोपलीची पद्धत, अमावास्या, पेट्या, तारीख, आणि माझं नाव. बाकीच्यांची नावं दिली नाहीत, पण पद्धत लपवली नाही. सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं. अशक्तपणा होता, असं मी घरी सांगतो.

त्याच संध्याकाळी पिशवीत आकडा चढू लागला. दोनशे, मग साडेतीनशे. कुंदाने तो आकडा शेजारच्या चार खाटांना सांगितला. माझ्या दहावीच्या निकालाचंही इतकं कौतुक झालं नव्हतं. मला डायलिसिस लागलं नाही. ज्या सिस्टर दर तासाला वाकून पाहायच्या, त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची आजही खंत आहे.

सरसाबाईंना तीन वेळा डायलिसिस लागलं. मी सलाईनचा खांब ढकलत रोज त्यांच्या वॉर्डच्या दाराशी जायचो. दोन दिवस त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, उभा काऊन आहे, बस. मी बसलो. बारा दिवसांनी त्या आश्रमात परतल्या, बाकीचे सहा जण त्याआधीच. त्यांना बरं करणाऱ्या प्रत्येक हाताचा मी ऋणी आहे. त्या सातांपैकी एकही गेलं असतं तर हा लेख लिहायला मला तोंड राहिलं नसतं.

दुकानाचं शटर बरेच दिवस खाली होतं. ते उघडलं तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. दुकानामागे खड्डा खणला आणि तारीख गेलेला माल ऐन बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत त्यात फोडून टाकू लागलो. लोक जमायचे. अन्नाचा अपमान करतो, गरिबाच्या तोंडचं काढतो, असं तोंडावर म्हणायचे. ज्यांच्या दुकानातून टोपल्या जात होत्या ते जास्त मोठ्याने म्हणायचे. मी म्हणायचो, वाया जाते असं वाटत असेल तर घरी न्या, लेकराले वाढा. आजवर एकानेही नेलं नाही.

दुसरी गोष्ट, द्यायचं ते तारखेच्या महिनाभर आधीच द्यायचं. पाकिटावर लाल रंगाने तारीख लिहायची, मोतीबिंदूच्या डोळ्यालाही दिसेल एवढी मोठी. माझं अक्षर आधीच गिचमिड, त्यात ब्रश. पहिली दहा पाकिटं नवसाच्या बोकडासारखी दिसत होती. मंडळाने मला बैठकीला बोलावणं बंद केलं. बरंच झालं, तिथला चहा नेहमी गार असायचा.

पुढच्या चैत्रात पुन्हा तिथी आली. मी आश्रमात विचारायला गेलो, पंगत घ्याल का? नानाजी सरसाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी अट घातली. "तुमी आधी जेवा, शेटजी. मंग आमी पाहू."

यजमानाने शेवटी जेवायचं, ही आमची रीत. त्या दिवशी मी एकटा पाटावर बसलो. समोर चाळीस म्हातारी माणसं. कुंदाने वाढलं. वरण, भात, भाजी, पोळी आणि सकाळीच आटवलेल्या दुधाची खीर. मी प्रत्येक पदार्थ संपवला. घास गिळल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू येत होता. मग अर्धा तास सगळे नुसते बसून माझ्याकडे पाहत राहिले. मी हसून पाहिलं, कोणी हसलं नाही. नानाजींनी घड्याळ पाहून वेळ सांगितली आणि सरसाबाईंनी मान हलवली, तेव्हा पानं मांडली गेली.

परतताना स्कूटरवर मी जरा खुशीत होतो. मागे बसलेल्या कुंदाला म्हणालो, चला, आज मी खऱ्या अर्थानं बरा झालो.

ती म्हणाली, "ज्या वर्षी ते लोक तुमच्या पोटाकडे न पाहता पहिला घास घेतीन ना, त्या वर्षी म्हणजा, बरा झालो म्हणून."